माहिती साक्षरता : विद्यार्थ्याची खरी कसोटी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सिरसाळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे ही आनंदाची घटना खरीच. परंतु तो आत्मपरीक्षणाचाही क्षण असतो. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या भागातील अनेक घरांत पत्र आले की ते वाचून दाखविणारा माणूस शोधावा लागे. मास्तर, पोस्टमन किंवा पेढीवरचा मुनीम ते वाचून दाखवी आणि घर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवी. आज पत्रे येत नाहीत, पण वाचून दाखविणाऱ्याची गरज मुळीच संपलेली नाही. पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, ‘पीएम किसान’चा हप्ता, सातबाऱ्याचा उतारा, बँकेचा संदेश, दवाखान्यातील तपासणीचा कागद हे सर्व आज घरातील महाविद्यालयीन मुलाच्या किंवा मुलीच्या हाती दिले जाते. ऊसतोडीसाठी आईवडील सहा-सहा महिने परमुलखात जातात, त्या घरांत तर अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी हाच कुटुंबाचा मुनीम असतो.

हा मुनीम आपल्या कामात कितपत तरबेज आहे, याची परीक्षा कोणी घेतली आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. परीक्षेतील टक्केवारी त्याची स्मरणशक्ती सांगते. माहिती शोधण्याची, पारखण्याची आणि वापरण्याची त्याची क्षमता ती सांगत नाही. या क्षमतेला ग्रंथालयशास्त्रात ‘माहिती साक्षरता’ असे म्हणतात.

संकल्पनेचा अल्प परिचय

ही संज्ञा १९७४ साली अमेरिकेतील पॉल झुरकोव्स्की यांनी प्रथम वापरली. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने तिची मांडणी केली. आपल्याला माहितीची गरज आहे हे ओळखणे, ती शोधणे, तिचे मूल्यमापन करणे आणि तिचा परिणामकारक उपयोग करणे ही चार कामे ज्याला जमतात तो माहिती साक्षर, असा त्या मांडणीचा आशय होता. २००० साली अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने उच्च शिक्षणासाठी यासंबंधी पाच मानके प्रसिद्ध केली आणि जगभर त्यांच्या आधारे चाचण्या तयार होऊ लागल्या.

आपल्या देशाला हा विचार सर्वस्वी नवा नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील एक सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. त्यांच्या काळी वाचकापुढे ग्रंथांचा तुटवडा होता. आजच्या विद्यार्थ्यापुढे माहितीचा महापूर आहे आणि त्यात पिण्यायोग्य पाणी कोणते, हे त्याला स्वतःच ठरवावयाचे आहे.

चुकीच्या माहितीचे मोल

हे ठरविता आले नाही तर काय घडते, याचे अत्यंत वेदनादायक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षेवर गुजराण करणारे निरपराध लोक होते. त्या काळात मुले पळविणाऱ्यांविषयीच्या अफवा भ्रमणध्वनीवरून देशभर फिरत होत्या. त्यांबरोबर फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलस्वार रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेताना दिसत. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली फीत होती. मुलाला परत आणून सोडल्याचा आणि संदेशाचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रावर मर्यादा घालता आली, परंतु माणसाच्या पारखेचे काम यंत्राला करता येत नाही.

ज्यांनी ती चित्रफीत पुढे पाठविली त्यांत लिहिता-वाचता येणारे लोक होते, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. अक्षरे ओळखणे आणि माहिती पारखणे या दोन वेगळ्या साक्षरता आहेत.

मूल्यमापन कसे करावे?

विद्यार्थ्यांची माहिती साक्षरता मोजण्याच्या साधारणतः तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली प्रश्नावलीची. ‘आपणास इंटरनेटवर माहिती शोधता येते काय? उत्तम, बरी की अल्प?’ असे विचारावयाचे आणि उत्तरांची टक्केवारी काढावयाची. दुसरी पद्धत पर्यायी उत्तरांच्या चाचणीची. तिसरी पद्धत प्रत्यक्ष कृतीची. विद्यार्थ्यास काम द्यावयाचे, ते तो कसे करतो हे पाहावयाचे आणि आधी ठरविलेल्या निकषांनुसार गुण द्यावयाचे.

पहिली पद्धत सोपी व स्वस्त असल्याने सर्वांत लोकप्रिय आहे; पण तीच सर्वांत फसवी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या मेलिसा ग्रॉस व डॉन लॅथम यांनी विद्यार्थ्यांचा स्वतःविषयीचा अंदाज आणि त्यांचे चाचणीतील गुण यांची तुलना केली. ज्यांचे कौशल्य कमी, तेच आपल्या कौशल्याचा अंदाज अवास्तव फुगवून सांगतात, असे त्यांना आढळले. यात नवल नाही. आपल्याला काय येत नाही हे समजण्यासाठीही काही येत असावे लागते.

प्रत्यक्ष कृतीच्या चाचणीतून काय उघड होते, ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासाने दाखविले. त्यात ३,४४६ माध्यमिक विद्यार्थी होते. त्यांना अमेरिकेतील निवडणुकीत बनावट मतदान होत असल्याची म्हणून एक अस्पष्ट चित्रफीत दाखविली. ५२ टक्के विद्यार्थ्यांनी ती सबळ पुरावा मानली. वस्तुतः ते चित्रण रशियातील होते. समोर इंटरनेट उपलब्ध असूनही तिचे मूळ शोधून काढणारे विद्यार्थी अवघे तीन निघाले. प्रगत देशातील, सर्व साधने हाताशी असलेल्या मुलांची ही स्थिती आहे.

कापडाच्या बाजारात ताग्यावर ‘शुद्ध सुती’ असा शिक्का असला तरी जाणता व्यापारी त्यावर विसंबत नाही. तो कडेचा एक धागा काढून जाळून पाहतो. सुताचा धागा कागदासारखा जळून राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. रंग पक्का आहे काय, हे तो ओले पांढरे फडके घासून पाहतो. विद्यार्थ्याच्या माहिती साक्षरतेचेही तसेच आहे. शिक्का वाचून किंवा त्यालाच विचारून ती कळत नाही. धागा काढावाच लागतो.

सिरसाळ्याच्या विद्यार्थ्यासाठी पाच कसोट्या

परदेशातील चाचण्या जशाच्या तशा येथे लावणे योग्य नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या जीवनातील, त्याच्या जिल्ह्यातील माहितीवर कसोट्या बेतल्या पाहिजेत. सिरसाळ्यातच पंडितगुरू पार्डीकर महाविद्यालय आहे. परळी व अंबाजोगाई येथेही अनेक मुले शिकतात. त्यांच्यासाठी पुढील पाच कसोट्या सुचविता येतील.

पहिली कसोटी गरज ओळखण्याची. विद्यार्थ्यास ‘दुष्काळ’ हा विषय द्यावा आणि त्यातून शोधता येईल असा एक प्रश्न तयार करण्यास सांगावे. ‘दुष्काळाची माहिती’ एवढेच शोधणारा हजारो पानांत हरवून जाईल. ‘१९७२ च्या दुष्काळाचा आणि महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याचा संबंध काय?’ असे विचारणारा नेमक्या वाटेवर असेल. प्रश्न नीट मांडला की निम्मे काम झाले.

दुसरी कसोटी शोधण्याची. ‘बीड जिल्ह्याचा जुना इतिहास शोधा’ असे सांगावे. इंग्रजी कागदपत्रांत केवळ आजचे ‘बीड’ हे नाव घालून शोधणाऱ्यास फारसे काही गवसणार नाही, कारण जुन्या इंग्रजी नोंदींत आणि राज्य शासनाच्या जुन्या गॅझेटियरमध्ये या जिल्ह्याचे नाव ‘भीर’ असे छापलेले आहे. अंबाजोगाईचे निजाम काळातील नाव मोमिनाबाद होते. आपले विद्यापीठ १९५८ मध्ये ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणून स्थापन झाले आणि १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला. त्यामुळे त्यापूर्वीचे प्रबंध जुन्या नावाखालीच सापडतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी जुने संदर्भ जुन्याच नावाने शोधावे लागतात. एक नाव निष्फळ ठरल्यावर विद्यार्थी दुसरे नाव घालून पाहतो की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहून मोकळा होतो, हे परीक्षकाने पाहावे.

तिसरी कसोटी आकडे पारखण्याची. दोन वाक्ये द्यावीत. ‘२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात दर हजारी ८०७ मुली आहेत.’ ‘२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात दर हजारी ९१६ स्त्रिया आहेत.’ यांतील खरे कोणते? दोन्ही खरे आहेत. पहिला आकडा शून्य ते सहा वयोगटाचा, दुसरा एकूण लोकसंख्येचा. आकडा दिसताच ‘हा कशाचा, कोणत्या वर्षाचा, कोणी मोजलेला?’ असे तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठले पाहिजेत. याच कसोटीत ‘२०२१ च्या जनगणनेनुसार’ अशी सुरुवात असलेला एक संदेशही घालावा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणून त्या नावाने येणारा प्रत्येक आकडा संशयास्पद आहे, हे किती विद्यार्थ्यांना खटकते ते कळेल.

चौथी कसोटी स्रोत पारखण्याची. ‘एक रुपयात पीक विमा’ अशी बातमी विद्यार्थ्यापुढे ठेवावी. ही बातमी खोटी नाही. २०२३ च्या खरिपात राज्यात ही सवलत सुरू झाली होती. परंतु २०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली आणि शेतकऱ्यास विमा हप्त्यातील आपला हिस्सा पुन्हा भरावा लागू लागला. म्हणजे बातमी खोटी नाही, शिळी आहे. शिळी बातमी ताजी समजून वडिलांना सल्ला देणारा मुलगा घराचे नुकसान करील. त्याचप्रमाणे सातबाऱ्याचे दोन उतारे द्यावेत. एक संकेतस्थळावर केवळ माहितीसाठी विनामूल्य दिसणारा, दुसरा डिजिटल स्वाक्षरीचा. दिसायला ते सारखेच. परंतु कायदेशीर कामास दुसराच चालतो. ‘पीएम किसान’च्या नावाने येणारी आणि मोबाइलमध्ये उतरवून घ्या म्हणणारी फाईलही कसोटीत असावी. अशा फाईलमुळे बँकेतील पैसे जाऊ शकतात. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावयाची, हे विद्यार्थ्यास ठाऊक आहे काय, हेही पाहावे.

या चौथ्या कसोटीत परीक्षकाने उत्तराइतकीच रीतही तपासावी. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ४५ जणांचे निरीक्षण केले. त्यांत १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी होते. विद्वान इतिहासतज्ज्ञ आणि हुशार विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि सुबक मांडणीला भुलले. तपासनीसांनी ते पान लगेच बाजूला ठेवले आणि ‘हे लिहिणारी संस्था कोण, तिच्याविषयी इतर काय सांगतात’ हे शोधले. अनोळखी गिऱ्हाईक उधारी मागू लागले की व्यापारी त्याच्या कपड्यांकडे पाहत नाही. त्याच्या गावच्या दोन दुकानदारांकडे चौकशी करतो. तीच ही रीत.

पाचवी कसोटी उपयोगाची व प्रामाणिकपणाची. मिळालेली माहिती स्वतःच्या शब्दांत दहा ओळींत लिहावी आणि ती कोठून घेतली ते सांगावे. प्रकल्पाच्या वह्या पानेच्या पाने उतरवून भरण्याची सवय सर्वपरिचित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली केली, परंतु सवय मोडण्याचे काम त्याआधीच्या वयातच करावे लागते. आता संगणकाला विचारले की तो आकर्षक भाषेत उत्तर रचून देतो. ते उत्तर प्रसंगी धडधडीत काल्पनिक असते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलांनी संगणकाने रचलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयात दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. पेढीवरील रोजमेळातील प्रत्येक नोंदीमागे पावती असते. पावती नसलेली नोंद खतावणीत घेतली जात नाही. विद्यार्थ्याच्या लेखनातही प्रत्येक विधानामागे अशी पावती असावी.

न्याय्य मोजमाप

मूल्यमापन करताना एक दक्षता आवश्यक आहे. इंग्रजी शब्दांनी भरलेली चाचणी ग्रामीण विद्यार्थ्यापुढे ठेवली आणि तो अनुत्तीर्ण झाला, तर त्याची माहिती साक्षरता कमी की त्याचे इंग्रजी कच्चे, हे कळणार नाही. गज वेगळा असेल तर माप चुकणारच. म्हणून चाचणी मराठीत असावी. ज्या घरात एकच मोबाइल चार जण वापरतात, त्या घरातील मुलाचा सराव कमी असणे स्वाभाविक आहे. साधनांचा अभाव हा बुद्धीचा अभाव समजू नये.

साधने मात्र वाटतात त्यापेक्षा अधिक उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तो संपूर्ण इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि प्रबंधांचा ‘शोधगंगा’ संग्रह सर्वांसाठी खुले आहेत. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ योजना आहे. ज्याला यांची नावेच ठाऊक नाहीत, त्याच्यासाठी ही दारे बंदच आहेत. म्हणून मूल्यमापनानंतर मार्गदर्शन हवे आणि काही महिन्यांनी पुन्हा मूल्यमापन हवे. दोहोंतील फरक हेच खरे फलित.

आपल्या परंपरेचा आधार

ज्ञान कसे होते, याचा सूक्ष्म विचार जैन आचार्यांनी केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूची प्रथम जाणीव म्हणजे अवग्रह, ती नेमकी काय आहे हे जाणण्याची चिकित्सा म्हणजे ईहा, निश्चय म्हणजे अवाय आणि तो निश्चय स्मरणात ठेवणे म्हणजे धारणा. मोबाइलवर संदेश दिसताच तो पुढे पाठविणारा मनुष्य अवग्रहानंतर ईहेची पायरी गाळून थेट निश्चयावर उडी मारतो. राईनपाड्याच्या जमावाने हीच पायरी गाळली. माहिती साक्षरतेची चाचणी म्हणजे विद्यार्थी ईहेच्या पायरीवर क्षणभर तरी थांबतो काय, याची चाचणी होय.

कर्तव्य

सुवर्णमहोत्सवी वर्षात शिष्यवृत्ती, वह्या-पुस्तके, गुणवंतांचा सत्कार असे उपक्रम होतच असतात आणि ते स्तुत्य आहेत. त्यांच्या जोडीस एक लहानसा उपक्रम सुचवावासा वाटतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत गुणपत्रिका मागविली जाते. त्याबरोबर दोन तासांची, वरील पाच कसोट्यांची चाचणी घ्यावी. ती शिष्यवृत्ती नाकारण्यासाठी नसावी, मदत नेमकी कोठे हवी ते समजण्यासाठी असावी. प्रत्येक कसोटीस चार गुण, एकूण वीस. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचे साहाय्य घ्यावे, कारण या शास्त्राचे खरे जाणकार तेच. निकाल जाहीर फळ्यावर लावू नये. विद्यार्थ्यास एकांतात समजावून सांगावा. चाचणी सर्व समाजांतील मुलांसाठी खुली असावी, कारण अफवा जात-धर्म पाहून दार ठोठावत नाही. या उपक्रमास मोठा निधी लागत नाही. एक सभागृह, काही संगणक आणि दोन-तीन जाणत्या व्यक्तींचा वेळ एवढे पुरेसे आहे.

पूर्वीच्या मुनिमावर घराचा विश्वास असे, कारण तो वाचण्यात चूक करीत नसे आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे स्पष्ट म्हणत असे. आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून याहून अधिक काही नको. ‘विचारून सांगतो’ एवढे म्हणण्याची सवय त्याला लागली, तरी सिरसाळ्यातील कित्येक घरांचे पैसे, श्रम आणि प्रसंगी एखाद्या निरपराधाचे प्राणही वाचतील. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या कार्याचा शुभारंभ व्हावा, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र.